‘हे खरे आहे काय ?’

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींसमोर केलेले भाषण)



वर्धापनदिनी पाककृतींची स्पर्धा आणि भजन यांच्या मध्ये कुणी विधिमंडळावर बोलावे, ही कल्पना माझी नव्हे. ती आपल्या चिटणीसबाईंची. मी त्यांना म्हटले, “अहो, बायका जांभया देतील.” त्या म्हणाल्या, “दिल्या तर दिल्या. तुम्ही इतकी वर्षे तिथे काढलीत, तिथे आपल्या पैशाचे आणि आपल्या माणसांचे काय होते ते एकदा साध्या शब्दांत सांगा.” त्यांचा लोभ मोडवेना म्हणून उभी राहिले आहे. जांभई आली तर खुशाल द्यावी. मी मुलुंडहून सकाळच्या गाडीने व्ही. टी. गाठण्यात आयुष्य घालवले आहे; पेंगणाऱ्या बायकांची मला सवय आहे.

१९६९ साली मी टंकलेखिका म्हणून नोकरीस लागले. तेव्हा त्या इमारतीला सचिवालय म्हणत. १९७५ साली तिचे मंत्रालय झाले. विधानसभाही त्या वेळी आजच्या जागी नव्हती. रीगल सिनेमासमोरच्या जुन्या दगडी इमारतीत ती भरे, आणि १९८१ साली नव्या विधानभवनात गेली. टंकलेखिकेची मी पुढे साहाय्यक झाले, आणि शेवटी एका कक्षाचे काम पाहून निवृत्त झाले. या साऱ्या वर्षांत माझ्या हातून अनेक प्रकारचे कागद गेले, परंतु ज्या कागदाने सगळ्या शाखेची झोप उडे असा कागद एकच : विधिमंडळाचा प्रश्न.

हा प्रश्न दिसायला कसा असतो ते आधी सांगते. त्याची एक ठरलेली चाल आहे. पहिला भाग, “अमुक ठिकाणी अमुक गोष्ट घडली, हे खरे आहे काय ?” दुसरा, “असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय ?” तिसरा, “असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे ?” आणि शेवटचा, “नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?” उत्तराचीही तशीच चाल आहे. “होय, हे खरे आहे” हे क्वचित. “हे अंशतः खरे आहे” हे पुष्कळदा. “हे खरे नाही” हेही पुष्कळदा. आणि शेवटच्या भागापुढे, म्हणजे विलंबाच्या कारणांपुढे, “प्रश्न उद्भवत नाही.” हे तीन शब्द मी किती हजार वेळा टंकले असतील याची गणती नाही. आमच्या घरात ते इतके ऐकू येऊ लागले, की धाकट्याला “अभ्यास केलास का रे ?” म्हणून विचारले तर तो उत्तर देई, “प्रश्न उद्भवत नाही !”

आता आपण म्हणाल, उत्तरे जर अशी साच्यातली, तर विचारायचे तरी कशाला ? तेच सांगण्यासाठी मी आले आहे.

अधिवेशन जवळ आले आणि प्रश्न शाखेत येऊन पडला, की त्याला तारीख असते. त्या तारखेला मंत्र्याला सभागृहात उभे राहायचे असते. मग जी माहिती वर्षभर कुणी मोजलेली नसते ती दोन दिवसांत मोजली जाते. जिल्ह्याला दूरध्वनी जातात, कपाटे उघडतात, कुणाची रजा रद्द होते. मला एक प्रसंग चांगला आठवतो. एका जिल्ह्याच्या स्त्री रुग्णालयातील परिचारिकांच्या रिकाम्या जागांविषयी प्रश्न आला होता. मागणीची पत्रे दोन वर्षे फाइलीत एकावर एक निजून होती. प्रश्न सोमवारी आला, आणि उत्तराचा मसुदा वर जाण्यापूर्वी, शुक्रवारी, तीन नेमणुकांचे आदेश निघाले. उत्तरात ऐटीने लिहिले, “तीन पदे भरण्यात आली आहेत.” केव्हा भरली ते कुणी विचारले नव्हते, म्हणून कुणी सांगितलेही नाही. पण त्या तीन मुली तर कामावर रुजू झाल्या ना ! प्रश्नाचे अर्धे काम असे उत्तर येण्याच्या आधीच होते, आणि ते वर्तमानपत्रात कधी येत नाही.

मात्र प्रश्न कसा विचारला यावर फार अवलंबून असते. त्याच विषयावरचे दोन प्रश्न सांगते. एका सदस्यांनी विचारले होते, “परिचारिकांच्या अपुऱ्या संख्येमुळे रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय ?” उत्तर काय गेले असेल ते ओळखा. “हे खरे नाही. उपलब्ध कर्मचाऱ्यांमार्फत रुग्णसेवा सुरळीतपणे देण्यात येत आहे.” झाले ! गैरसोय ही काही किलोवर मोजता येत नाही, ती नाकारणे सोपे. पुढच्या अधिवेशनात दुसऱ्या एका सदस्यांनी विचारले, “मंजूर पदे किती, भरलेली किती, रिक्त किती, प्रत्येक पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे, आणि ते भरण्याबाबत रुग्णालयाकडून किती पत्रे आली ?” त्या दिवशी आमचे साहेब बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. आकडा मागितला की आकडाच द्यावा लागतो, आणि तो खोटा देता येत नाही. कारण सभागृहाला खोटी माहिती देणे हा हक्कभंग ठरू शकतो. वाण्याकडचा हिशेब आपण असाच पाहतो की नाही ? “यंदा फार महाग लावलेस रे” म्हटले तर तो हसून हात जोडतो. “तूरडाळ किती किलो, कोणत्या भावाने, आणि मागच्या महिन्याचे सुटे पैसे कुठे मांडलेस ?” म्हटले की वही उघडतो.

अशा एका प्रश्नातून केवढे प्रकरण बाहेर आले होते ते आपल्यातल्या वडीलधाऱ्या भगिनींना ठाऊक असेल. आपल्यापैकी बहुतेकींच्या कपाटात आयुर्विम्याची पॉलिसी आहे. ते आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ रोजी स्थापन झाले; २४५ विमा कंपन्या आणि संस्था एकत्र करून सरकारने ते उभे केले. एक वर्षही झाले नव्हते, तोच जून १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा नावाच्या एका उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग विकत घेतले. तेव्हाचे सव्वा कोटी ! मुंदडा आधीच अडचणीत आलेले. गुंतवणुकीवर सल्ला देण्यासाठी महामंडळाची जी समिती होती, तिला या व्यवहारात विचारलेच नव्हते. लोकसभेत प्रश्न निघाला, तेव्हा प्रथम सरळ उत्तर मिळाले नाही. सदस्यांनी पुन्हा विचारले. आणि १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी उभे राहिले. हे गृहस्थ पंतप्रधानांचे जावई, आणि सत्तारूढ पक्षाचेच सदस्य. परंतु त्यांनी तारखा, भाव आणि रकमा अशा मांडल्या, की सरकारला चौकशी नेमावी लागली.

ती चौकशी आपल्या मुंबईत झाली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी ती केली, आणि उघड केली. ऐकण्यासाठी इतकी माणसे लोटत, की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. काम त्यांनी लांबवले नाही; फेब्रुवारी १९५८ मध्ये अहवाल आला आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. छागलांनी त्यात एक गोष्ट स्वच्छ म्हटली : आपल्या सचिवाने केलेल्या कामाची जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही. मी नोकरीस लागले तेव्हा आमचे जुने कक्ष अधिकारी हे प्रकरण नव्या माणसांना मुद्दाम सांगत. सांगून झाले की म्हणत, “आता टंकताना आकडा दोनदा वाचत जा.”

माझ्या मते मुंदडा प्रकरणातला धडा दुसराच आहे. पहिल्या उत्तराने समाधान मानून सदस्य खाली बसले असते तर पुढचे काहीच घडले नसते. सभागृहात प्रश्नाचे उत्तर आले की उपप्रश्न विचारण्याची सोय असते. खरी परीक्षा तिथे. छापील उत्तर आम्ही लिहून दिलेले असे. उपप्रश्नाचे उत्तर मंत्र्याला स्वतः द्यावे लागे. ज्या प्रश्नाला तोंडी उत्तर आणि उपप्रश्न मिळतात त्याला तारांकित म्हणतात, कारण यादीत त्याच्यापुढे तारा असतो. ज्याला केवळ लेखी उत्तर मिळते तो अतारांकित. लोकसभेत एका दिवसाला वीस प्रश्न तारांकित घेतात, आणि त्यातलेही मोजकेच तासाभरात तोंडी होतात. उरलेल्यांची उत्तरे लेखी मिळतात. ती कुणी वाचत नाही, ही मोठी खंत आहे; कारण त्या कागदांत जिल्हावार, खातेवार असे आकडे असतात की पैसे देऊनही कुठे मिळायचे नाहीत. आणि हा तास हातचा जाऊही शकतो. सप्टेंबर २०२० मध्ये साथीच्या दिवसांत संसदेचे अधिवेशन भरले, तेव्हा प्रश्नोत्तराचा तास ठेवलाच नव्हता. लेखी उत्तरे तेवढी मिळाली.

आता पैशाकडे वळते. घरात पगार येतो त्यातून दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर म्हणून कापलेले आपण पाहतो, आणि फेब्रुवारीत तीनशे. मला कित्येकजणींनी विचारले आहे, की फेब्रुवारीने काय घोडे मारले ? काही नाही, वर्षाला अडीच हजारांवर हा कर घेता येत नाही अशी राज्यघटनेत मर्यादा आहे, त्याची बेरीज बारा महिन्यांत अशी बसवली आहे. (नोकरी करणाऱ्या भगिनींसाठी म्हणून सांगते : १ एप्रिल २०२३ पासून महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्या स्त्रियांना हा कर माफ आहे. तरी कापला जात असेल तर कचेरीत जाऊन विचारा.) हा कर १९७५ सालचा, आणि तो बसवला तो रोजगार हमी योजनेसाठी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही योजना मांडली. दुष्काळी भागात जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचे, आणि त्यासाठी शहरातल्या नोकरदाराने थोडा भार उचलायचा. १९७९ पासून तो कायदाच अमलात आला. म्हणजे अंधेरी-बोरिवलीच्या पगारातून कापलेले पैसे माणदेशातल्या एखाद्या बाईच्या हातात मजुरी म्हणून पडावेत, अशी ती रचना. पडले का, हे विचारणारे कुणी हवे ना ? त्यासाठी विधिमंडळाची रोजगार हमी योजनेची स्वतंत्र समिती आहे.

पैशाच्या बाबतीत दोन शब्द ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. पहिला ‘पुरवणी मागणी’. मार्चमध्ये अर्थसंकल्प मंजूर होतो, आणि वर्षाच्या मध्ये पैसे अपुरे पडले की सरकार पुन्हा सभागृहाकडे येते. घरखर्चाला दिलेले संपले म्हणून महिनाअखेरीस आपण पुन्हा मागतो तसेच, आणि आपल्याला जसे “कशात संपले?” असे विचारले जाते तसे सरकारलाही विचारायचे असते. दुसरा शब्द ‘समर्पित निधी’. ऐकायला फार भक्तिभावाचा वाटतो ! अर्थ असा, की ज्या कामाला पैसे मंजूर झाले ते काम ३१ मार्चपूर्वी झाले नाही, म्हणून पैसे परत केले. वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत येते ते मंजुरीचे. परतीचे येत नाही. म्हणून “किती मंजूर झाले ?” एवढ्यावर थांबू नये, “किती खर्च झाले आणि किती समर्पित झाले?” हेही विचारावे.

आकडे आता असे वाढले आहेत की माझ्यासारखीला शून्ये मोजताना बोट लावावे लागते. २०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प सात लाख कोटी रुपयांचा होता, आणि महसुलात पंचेचाळीस हजार कोटींहून अधिक तूट दाखवली होती. लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार जुलै २०२४ पासून सुरू झाले. आपल्यातल्या पुष्कळजणींच्या खात्यात ते आले आहेत. त्या एका योजनेला २०२५-२६ साठी ३६,००० कोटींची तरतूद होती. ज्या बाईच्या हातात स्वतःचा म्हणून रुपया कधी नव्हता तिला तो मिळाला, याचे मोल मी कमी लेखणार नाही. परंतु त्याच तिजोरीतून परिचारिकेचा पगारही निघतो, आणि दोन्हींपैकी कोणत्या खात्यातून किती वळवले हे विचारण्याचा हक्क दीड हजार घेणाऱ्या बहिणीलाही आहे. घेतले म्हणून तोंड बंद झाले असे होत नाही.

इथे कुणी मला अडवील, “बाई, सरकारी नोकरांवरच निम्मा पैसा जातो, आणि तुम्ही आणखी माणसे भरा म्हणता !” आक्षेप खोटा नाही. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचे व्याज यांतच राज्याच्या महसुलापैकी निम्म्याहून अधिक जाते. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी संप झाला, तेव्हा आपल्या आळीत दोन तट पडले होते ते मी पाहिले आहे. मी स्वतः जुने निवृत्तिवेतन घेते, तेव्हा या बाबतीत माझे बोलणे थोडे मीठ लावून ऐका. पण प्रत्येक सरकारी कार्यालयात किती माणसे असावीत याचा एक ठरलेला नकाशा असतो. त्याला ‘आकृतिबंध’ म्हणतात. माणसे अधिक झाली असतील तर आकृतिबंध बदला, सभागृहात सांगून बदला. पद मंजूर ठेवायचे, कागदावर दाखवायचे, आणि भरायचे मात्र नाही, याला काटकसर म्हणत नाहीत. रिकामे पद रजा मागत नाही, बढती मागत नाही, संप करीत नाही. खजिन्याला ते फार सोयीचे असते. त्याचा भार उचलते ती शेजारच्या टेबलावरची बाई, आणि रांगेत उभी असलेली दुसरी बाई.

गेल्या काही वर्षांचीच गोष्ट घ्या. मे २०२० मध्ये साथीमुळे तिजोरी आटली, तेव्हा आरोग्य खाते वगळून नवी भरती थांबवण्याचा निर्णय झाला. २०२२ साली स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त ७५,००० पदे भरण्याची घोषणा झाली. तेव्हा राज्यात रिकाम्या पदांची संख्या दोन लाखांच्या वर गेली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये खाजगी कंपन्यांमार्फत कंत्राटी माणसे घेण्याचा निर्णय निघाला, त्यावर सभा-मोर्चे झाले, आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घेण्यात आला. इतकी ये-जा झाली, आणि या सगळ्यात आपला संबंध काय असे जिला वाटत असेल तिला मी एकच आठवण देते. १९९४ साली महाराष्ट्राने महिला धोरण केले आणि सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांसाठी तीस टक्के जागा राखल्या. दहा पदे रिकामी राहिली की त्यांतली तीन आपल्या मुलींची राहतात.

आणखी एक मेख आहे. “खात्यात किती पदे रिक्त आहेत ?” असे विचारले तर अंगणवाडी सेविका त्या मोजणीत येतीलच असे नाही. त्यांना पगार नाही, ‘मानधन’ आहे. म्हणजे शासनाच्या भाषेत त्या नोकरच नव्हेत. मुलांना खाऊ घालायचे, वजने घ्यायची, गरोदर बायकांच्या याद्या ठेवायच्या, आणि वर भ्रमणध्वनीवर माहिती भरायची, हे सर्व त्यांनी करायचे. डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस त्यांनी आपल्या राज्यात संप केला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यांना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळाली पाहिजे असा निकाल दिला होता. तरी मोजणीत त्या वेगळ्या. म्हणून प्रश्न करताना “नियमित, कंत्राटी व मानधनी, असे स्वतंत्रपणे” हे शब्द घालावेच लागतात. ते घातले नाहीत तर अर्धे घर मोजणीबाहेर राहते, आणि उत्तर तरीही खरे ठरते !

आता अगदी आपल्या दारातले. मुंबई महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि पालिका प्रशासकाच्या हाती गेली. निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे, ज्या पालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता, तिला तिच्याच सभागृहात प्रश्न विचारणारा एकही निवडून आलेला माणूस नव्हता. गटार तुंबले, दवाखान्यात औषध नाही, मुलांच्या शाळेत शिक्षक नाही, तर सांगायचे कुणाला ? आमदाराला. त्यामुळे पालिकेच्या गोष्टी विधानसभेत जाऊ लागल्या. मार्च २०२३ मध्ये महालेखापरीक्षकांचा पालिकेच्या कामांवरचा विशेष अहवाल सभागृहात आला. सुमारे १२,००० कोटींच्या खर्चाची ती तपासणी होती, आणि निविदा न मागवता दिलेल्या कामांवर त्यात ठपका होता. पक्षापक्षांनी त्यावर एकमेकांना जे बोलायचे ते बोलून घेतले. मला त्यात रस नाही. माझ्यापुरता विचार इतकाच, की विचारणारे आपल्या वस्तीत राहणारे असावेत आणि त्यांनी वेळेवर विचारावे. झालेल्या खर्चाची तपासणी होईतो रस्ता पुन्हा खणलेला असतो.

उपनगरात याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. गोरेगावच्या मृणालताई गोरे. १९६१ साली त्या पालिकेत निवडून गेल्या, आणि पाण्यासाठी त्यांनी जो पिच्छा पुरवला त्यावरून लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. १९७२ साली त्या विधानसभेत आल्या. त्याच सुमारास महागाईविरुद्ध त्यांनी, अहिल्याताई रांगणेकरांनी आणि प्रमिलाताई दंडवत्यांनी बायकांचे लाटणे मोर्चे काढले. १९७७ साली त्या लोकसभेत गेल्या, १९८५ साली पुन्हा विधानसभेत, आणि १९८८-८९ या काळात तिथे विरोधी पक्षनेत्या होत्या. गर्भलिंगचाचणीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा १९८८ सालचा. त्यामागे त्यांचाही आग्रह होता. २०१२ साली त्या गेल्या. मोर्च्याची चित्रे सगळ्यांना आठवतात. पण हंडा घेऊन रस्त्यावर उतरलेली बाई सभागृहात गेल्यावर लिटरमध्ये आणि इंचात बोलावे लागते, नळ किती इंचांचा, पाणी किती वेळ, कोणत्या वस्तीला किती. ही माहिती कचेरीत नसते, नळावर असते. ती बायकाच पुरवू शकतात.

माझे सांगणे इथवर आले. आमदार किंवा नगरसेवक काही सर्वज्ञ नव्हे. त्याला मंत्रालयातले कागद कळतात, पण आपल्या प्रसूतिगृहाच्या बाकावर रात्री अकरा वाजता कोण बसले होते ते कळत नाही. मागच्या पावसाळ्यात आपल्यापैकी एकीच्या सुनेला इथल्याच एका प्रसूतिगृहातून रात्री रिक्षाने मोठ्या रुग्णालयात पाठवले, कारण सांगितले, “रात्रपाळीला माणूस नाही.” बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, देवाची कृपा. आपण त्यावर पंधरा दिवस बोललो, आणि मग गणपती आले. त्या रात्री तिथे किती पदे मंजूर होती आणि किती माणसे हजर होती, हे आपल्यापैकी एकीलाही आजतागायत ठाऊक नाही.

ते आता विचारायचे आहे. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून ते आपण स्वतः विचारू शकतो, आणि तीस दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. तो अर्ज करूच. पण अधिकाऱ्याचे उत्तर आपल्या पिशवीत राहते; मंत्र्याचे सभागृहाच्या कामकाजात छापले जाते. म्हणून आपल्या विभागाच्या नगरसेवकांना एक आणि आमदारांना एक असे दोन मसुदे मी तयार करून आणले आहेत. आमदारांचा वाचून दाखवते, चूक असेल तर आत्ताच सांगा :

“(१) विभागातील महापालिकेच्या प्रसूतिगृहांमध्ये वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, आया व सफाई कामगार यांची मंजूर, भरलेली व रिक्त पदे प्रसूतिगृहनिहाय किती आहेत, त्यांपैकी नियमित, कंत्राटी व मानधनी किती? (२) प्रत्येक रिक्त पद कोणत्या दिनांकापासून रिक्त आहे ? (३) गेल्या बारा महिन्यांत रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात किती स्त्रियांना अन्य रुग्णालयात पाठवण्यात आले व प्रत्येक वेळी कारण काय नोंदवले ? (४) त्यांपैकी कितीजणींना रुग्णवाहिका देण्यात आली ? (५) या प्रसूतिगृहांसाठी गेल्या तीन वर्षांत मंजूर, खर्च व परत गेलेली रक्कम वर्षनिहाय किती ?”

‘गैरसोय’ हा शब्द मी त्यात कुठेही घातलेला नाही, हे आपल्या लक्षात आले असेल.

यासाठी आधी आपण थोडी मोजणी करून दिली तर आमदारांचे काम हलके होईल. मंगळवारी सकाळी नऊ वाजता बाह्यरुग्ण विभाग उघडतो. दोघीदोघींनी जायचे, भांडायचे नाही, कुणावर आवाज चढवायचा नाही. तिथल्या परिचारिकाही आपल्यासारख्याच दमलेल्या असतात. फलकावर कर्मचाऱ्यांची संख्या लावली आहे का ते पाहायचे, रांगेत किती बायका आहेत आणि आत किती माणसे आहेत ते वहीत टिपून घ्यायचे. असे चार मंगळवार. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे, पेन दोऱ्याने बांधले आहे. फराळाला बसण्यापूर्वी नावे लिहावीत. पहिल्या मंगळवारी एक नाव माझे आहे. दुसरी जागा अजून रिकामी आहे.